मॅसिडोनियन लोक ग्रीक होते का? (लंच टेबलावर पेटलेला विषय)

डबेवाला_मेलबर्न:

मंडळी, मी इथे बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे पण आज राहवलं नाही म्हणून पहिलाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

झालं असं की आमच्या टीममधे एक ग्रीक आहे आणि एक मॅसिडोनियन. मेलबर्नला दोन्ही लोक भरपूर, त्यामुळे त्यात नवल काही नाही. एरवी दोघं जिगरी, फुटबॉल एकत्र बघणार, एकमेकांच्या पोरांच्या वाढदिवसाला जाणार. गेल्या आठवड्यात मी डबा उघडता उघडता सहज बोलून गेलो की आमच्याकडे अलेक्झांडरला सिकंदर म्हणतात आणि तो ग्रीक राजा होता असं शाळेत शिकलोय. संपलं. मॅसिडोनियन म्हणाला तो ग्रीक नव्हताच, मॅसिडोनियन होता, त्याच्या बापाने ग्रीकांना लढाईत हरवून ताब्यात घेतलं, कोणी आपल्याच लोकांना असं जिंकतं का? ग्रीक म्हणाला तू स्लाव्ह आहेस, तुझे पूर्वज हजार वर्षांनी तिथे पोचले, तुझा काय संबंध. पुढची दहा मिनिटं मी मान खाली घालून भेंडीची भाजी खाल्ली. आता दोघं बोलतात पण कॉफीला वेगवेगळे जातात, आणि दोघंही मला व्हॉट्सॅपवर लिंका पाठवतात, जणू निकाल मीच देणार आहे.

तर फिलिपने (म्हणजे अलेक्झांडरच्या बापाने) ग्रीकांना जिंकलं म्हणजे नक्की काय केलं, तेव्हाचे ग्रीक त्याला आपला समजायचे की परका, आणि आजच्या मॅसिडोनियाचा त्याच्याशी काही संबंध लागतो का? विकीवर गेलो होतो, पण तिथल्या चर्चेच्या पानावर आमच्या लंच टेबलापेक्षा वाईट अवस्था आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पॉपकॉर्न_पाटील:

पहिलाच धागा आणि थेट बाल्कन! हिंमत आहे भाऊ. मी खुर्ची टाकून बसलोय, खारे शेंगदाणे घेतलेत.

खडूस_आजोबा:

डबेवाले, तुमच्या मॅसिडोनियन मित्राचा मुद्दा आधी निकालात काढतो, मग बाकीचं. जिंकलं म्हणजे परका, हे ग्रीसमधे चालतच नाही, कारण ग्रीकांना सगळ्यात जास्त कोणी झोडपलं असेल तर ग्रीकांनीच. मिलोस बेट शरण आलं तेव्हा अथेन्सने तिथले पुरुष मारले आणि बायकापोरं विकली. थीब्जने शेजारचं प्लेटिया जमीनदोस्त केलं. स्पार्टाने तर मेसेनियाचे लोक पिढ्यानपिढ्या वेठीला धरून शेतात राबवले, तेही ग्रीकच. तेव्हा लढाईवरून जात ठरत नाही.

आता फिलिप. (पुढची सगळी सालं इसवीसनापूर्वीची.) ३५९ ला गादीवर आला तेव्हा राज्य मोडकळीला आलेलं, भाऊ पर्डिकास इलिरियन लोकांशी लढताना चार हजार माणसांसकट मेलेला. पोरवयात फिलिप थीब्जला ओलीस म्हणून राहिलेला होता आणि त्या काळी थीब्जचं पायदळ ग्रीसमधे एक नंबर, ते त्याने तिथे बसून बघितलं. परत आल्यावर त्याने डोंगरातल्या मेंढपाळांच्या हातात सारिसा दिला, म्हणजे पाच मीटरच्या आसपास लांबीचा दोन्ही हातांनी धरायचा भाला, आणि वर्षभर कवायत करणारी फौज उभी केली. ग्रीक नगरांचे नागरिक हंगामी लढायचे, पेरणी-कापणीला घरी, इथे बारमाही सैनिक. पँगायन डोंगरातलं सोनं हातात आलं, मग लाच देणं सुरू, लग्नं सुरू (एकूण सात बायका, बहुतेक सोयरिकी राजकारणासाठी). ३४८ ला ओलिंथस पाडलं आणि लोक विकले. ३४६ ला डेल्फीच्या देवस्थानाच्या पंचायतीत फोकिसवाल्यांना हाकलून त्यांची दोन मतं फिलिपला मिळाली. ही पंचायत ग्रीकांची बरं का, तिथे कोणा ऐर्‍यागैर्‍याला बसवत नाहीत, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग ३३८, कायरोनिया. एका बाजूला अथेन्स आणि थीब्ज, कधी नव्हे ते एकत्र, दुसर्‍या बाजूला फिलिप आणि अठरा वर्षांचा अलेक्झांडर. थीब्जची तीनशे जणांची पवित्र तुकडी जागच्या जागी कापली गेली. तिथे आजही दगडी सिंह उभा आहे, त्याच्याखाली खणल्यावर २५४ सांगाडे ओळीने पुरलेले सापडले, ते त्याच तुकडीचे असं बहुतेक जण मानतात. निकाल लागल्यावर फिलिपचं डोकं बघा. अथेन्सचे कैदी खंडणी न घेता सोडले कारण त्याला अथेन्सचं आरमार शत्रूच्या हातात जायला नको होतं. थीब्जच्या किल्ल्यात मात्र शिबंदी बसवली. दुसर्‍या वर्षी कोरिंथला सगळ्यांना बोलावून संघ काढला, कागदोपत्री सगळी नगरं स्वतंत्र आणि स्वायत्त, फक्त सेनापती फिलिप, मोहीम पर्शियावर, आणि कोणी आपली राज्यव्यवस्था बदलायची नाही. स्पार्टा आला नाही, रुसून बसला.

३३६ ला फिलिपचा आयगाईच्या नाट्यगृहात स्वतःच्याच अंगरक्षकाने खून केला. पोरगा लहान आहे म्हणून थीब्जने उठाव केला, ३३५ ला अलेक्झांडरने शहर पुसून टाकलं, सहा हजार मेले आणि तीस हजार विकले गेले असं जुने लेखक सांगतात. फक्त कवी पिंडारचं घर ठेवलं. पण मेख अशी, शहर पाडायचं की ठेवायचं हे अलेक्झांडरने आपल्या बाजूच्या ग्रीकांवर सोडलं, आणि त्यात प्लेटियावाले, ओर्कोमेनोसवाले, फोकिसवाले, म्हणजे ज्यांना थीब्जने छळलं होतं ते सगळे. त्यांनी पाडा म्हणून सांगितलं. आता सांगा हे मॅसिडोनियाने ग्रीसवर केलेलं आक्रमण होतं की भाऊबंदकी?

सरळसोट:

आजोबा नेहमीप्रमाणे मोठा प्रतिसाद आणि मुद्दा शेवटच्या ओळीत. मी थेट बोलतो. ग्रीकच होते. झ्यूसला मानायचे, त्यांच्याच राज्यात ऑलिंपसचा डोंगर, नावं ग्रीक (फिलिप म्हणजे घोड्यांची आवड असलेला, अलेक्झांडर म्हणजे माणसांचं रक्षण करणारा), शिलालेख ग्रीक, कबरींवरची नावं ग्रीक, आणि ती फक्त राजांची नाही, व्हर्जिनाला (म्हणजे जुन्या आयगाईला) साध्या लोकांच्या समाधीदगडांवर पण तीच नावं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने ग्रीकपणाची व्याख्या दिलीये, एक रक्त, एक भाषा, एकच देवळं आणि यज्ञ, एकसारख्या चालीरीती. मॅसिडोनियन पास. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस फिलिपला शिव्या घालायचा म्हणून काही लोक उड्या मारतात, पण तो राजकारणी होता, निवडणुकीच्या सभेत विरोधकाला काय काय म्हणतात ते आपल्याला माहीत नाही का?

खडूस_आजोबा:

सरळसोट, तुम्ही नावाला जागता हे बरं आहे पण घाई करताय. डेमॉस्थेनिस काय म्हणाला ते लोकांना कळू द्या. ३४१ चं भाषण आहे, फिलिपविरुद्धचं तिसरं. तो म्हणतो की फिलिप ग्रीक तर नाहीच, ग्रीकांचा नातेवाईकही नाही, बरं नाव घेण्यासारख्या देशातला रानटीसुद्धा नाही, तर जिथून पूर्वी धड गुलामही विकत मिळत नसे त्या मॅसिडोनियातली घाण आहे. शिवीच आहे, मान्य. पण शिवी ऐकणार्‍याला पटण्यासारखी असावी लागते हो. थीब्जच्या माणसाला तू ग्रीकच नाहीस असं अथेन्सच्या सभेत म्हणाला असता तर लोक हसले असते. मॅसिडोनियाबद्दल म्हणाला तर हसले नाहीत, कारण शंका घ्यायला जागा होती.

आणि ती शंका फिलिपच्या मित्रांच्या लेखनातही दिसते. अथेन्सचाच लेखक इसोक्रेटिस फिलिपच्या बाजूचा, ३४६ ला त्याला जाहीर पत्र लिहून सांगतोय की बाबा तू ग्रीकांना एकत्र कर आणि पर्शियावर जा. त्या पत्रात तो काय म्हणतो, तर तुझ्या घराण्याचा मूळपुरुष शहाणा, त्याने ग्रीक भूमीत राजा व्हायचा नाद सोडला आणि वेगळ्या कुळाच्या लोकांवर राज्य केलं. म्हणजे राजा ग्रीक, रयत वेगळी! स्तुती करणाराच असं म्हणतोय.

दीडशे वर्षं आधीचा किस्सा तर अजून भारी आहे. फिलिपच्या आधीचा एक राजा, पहिला अलेक्झांडर, ऑलिंपियाला धावायला गेला. बाकीचे धावपटू अडून बसले की स्पर्धा ग्रीकांची आहे, रानट्यांची नाही. मग त्याने आमचं घराणं मूळ आर्गोसचं असं पंचांना पटवून दिलं, आणि त्याला धावू दिलं. ही गोष्ट हिरोडोटस सांगतो आणि मॅसिडोनियन लोक ग्रीक असल्याचा पुरावा म्हणून लोक हीच नाचवतात, पण अहो, पुरावा मागावा लागला हेच तर लक्षात घ्या ना, आणि दिला तो फक्त राजघराण्याचा. वंशावळ काढून क्षत्रियत्व सिद्ध करून घेणारे राजे आपल्याकडे कमी झालेत का? ज्याला लागते तोच वंशावळ काढतो.

चालीरीतींमधे पण तुम्ही त्यांना ढकलून पास केलंत. नगरराज्य नाही, सभा-बिभा नावापुरती, डोक्यावर राजा. दारूत पाणी न घालता पितात म्हणून दक्षिणेतले ग्रीक नाक मुरडायचे. आणि जाळं न लावता रानडुक्कर मारल्याशिवाय पुरुषाला मेजवानीत आडवं रेलून जेवायची परवानगी नाही, पुढे मॅसिडोनियाचा राजा झालेला कॅसांडर पस्तिशीला आला तरी बिचारा बापाशेजारी ताठ बसून जेवायचा अशी नोंद आहे. (हा तोच, ज्याने पुढे थेसालोनिकी वसवलं आणि बायकोचं नाव दिलं. डुक्कर काही मारता आलं नाही.)

पॉपकॉर्न_पाटील:

कॅसांडरचं दुःख मी समजू शकतो. शेंगदाणे संपले, चिवडा आणतो.

भाषावेडी:

आजोबा आणि सरळसोट, दोघं भाषेला ओझरता हात लावून पुढे गेलात, म्हणून मी येतेय.

प्राचीन मॅसिडोनियन बोलीत लिहिलेलं फार काही उरलेलं नाही. राज्यकारभार अथेन्सच्या वळणाच्या ग्रीकमधे चालायचा, त्यामुळे शिलालेख ग्रीक आहेत एवढ्यावरून घरात काय बोलत होते ते कळत नाही, आपल्याकडे कित्येक शतकं ताम्रपट संस्कृतात निघायचे तसंच. उरलेत ते जुन्या कोशकारांनी टिपून ठेवलेले सुटे शब्द आणि नावं. त्यात एक मजा आहे जी मराठी माणसाला ग्रीक माणसापेक्षा लवकर कळेल. जिथे संस्कृतात भ आहे तिथे ग्रीकमधे फ येतो, आणि मॅसिडोनियनमधे ब. आपली भुवई, संस्कृत भ्रू, ग्रीक ओफ्रिस, मॅसिडोनियन अब्रूतेस. संस्कृत भरति म्हणजे वाहून आणतो, त्यावरून ग्रीक फेरेनिके म्हणजे विजय आणणारी, आणि मॅसिडोनियन बायकांचं नाव बेरेनिके. फिलिपला पण बिलिप म्हणायचे अशी नोंद आहे. या ब वरून शंभर वर्षं भांडणं चाललीत की ही ग्रीकची बोली, की ग्रीकची सख्खी बहीण पण वेगळी भाषा, की ग्रीक बोलीवर शेजारच्या थ्रेशियन-फ्रिजियन लोकांचा हेल चढलेला.

मग १९८६ साली पेला इथे (मॅसिडोनियाची जुनी राजधानी) एका कबरीत शिशाचा पत्रा सापडला, गुंडाळी केलेला. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे साधारण फिलिपचाच काळ. कोण्या बाईने करणी केलीये. तिचा माणूस डायोनिसोफोन, तो थेटिमा नावाच्या दुसरीशी लग्न करायला निघालाय, ते होऊ नये म्हणून मेलेल्या माक्रोनच्या हवाली ती हे करतेय, माझ्यावर दया करा, मला कोणी नाही, असं विनवतेय. हे राजाचं फर्मान नाही आणि कारकुनाची भाषा नाही, आणि ते निघालं ग्रीकमधेच, पण अथेन्सच्या वळणाचं नाही, वायव्य ग्रीस आणि डोरिक बोलींच्या जवळचं, आणि पेलामधे बाहेरून कोणी तशी ग्रीक आणली असेल असं मानायला फारसा आधार नाही. हा पत्रा १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाल्यापासून बहुतेक भाषातज्ज्ञांचं वजन बोलीच्या पारड्यात पडलंय. एका पत्र्यावरून सगळ्या राज्याची भाषा ठरवू नका असं म्हणणारेही आहेत आणि ते चूक नाहीत.

विरुद्ध बाजूचे लोक अलेक्झांडरचा सेनापती फिलोटास याचा खटला दाखवतात. ३३० ला त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप झाला तेव्हा अलेक्झांडरने विचारलं की तू आपल्या लोकांच्या भाषेत बोलणार का, तर तो म्हणाला नाही, इथे मॅसिडोनियन सोडूनही माणसं आहेत, त्यांना कळलं पाहिजे. म्हणजे भाषा वेगळी? मला नाही वाटत, घरात मालवणी बोलणारा कोर्टात प्रमाण मराठीत बोलतो तेव्हाही हेच उत्तर देईल. बाकी ही गोष्ट सांगणारा कर्टियस रोमन आहे, घटनेनंतर साडेतीनशेच्या वर वर्षांनी लिहिलेली.

सरळसोट:

थँक्यू ताई. म्हणजे ग्रीकच.

भाषावेडी:

बोली ग्रीक. माणसं स्वतःला काय म्हणवून घ्यायची ती वेगळी गोष्ट आहे हो दादा, ते पत्र्यावर लिहिलेलं नाही. गोव्यात जाऊन कोंकणी मराठीची बोली आहे म्हणून बघा, मग कळेल. (यावर इथे कोणी सुरू होऊ नये, प्लीज.)

खडूस_आजोबा:

ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. स्वतःला काय म्हणवून घ्यायचे ते अलेक्झांडरच्या कागदांतून दिसतं. पर्शियाविरुद्धची ग्रॅनिकसची लढाई ३३४ ला जिंकल्यावर त्याने पर्शियन चिलखतांचे तीनशे संच अथेन्सला देवीपुढे ठेवायला पाठवले, वर लिहिलं, फिलिपपुत्र अलेक्झांडर आणि लॅसिडिमोनियन सोडून बाकी ग्रीक. (लॅसिडिमोनियन म्हणजे स्पार्टावाले, त्यांना टोमणा, रुसलेल्यांना विसरला नाही.) मॅसिडोनियन हा शब्द त्यात नाहीच! आणि त्याच लढाईत पर्शियाच्या पदरी हजारो ग्रीक भाडोत्री सैनिक लढत होते, त्यातले जे दोनेक हजार जिवंत सापडले त्यांना बेड्या घालून मॅसिडोनियात राबायला पाठवलं, कारण काय तर ग्रीक असून ग्रीसविरुद्ध लढलात. म्हणजे तो स्वतः ग्रीसच्या वतीने लढतोय असं दाखवतोय. पण फौजेत मॅसिडोनियन आणि ग्रीक वेगळे मोजले जायचे, अलेक्झांडरचा चिटणीस युमेनीस मूळचा कार्डिया या ग्रीक शहरातला, हुशार, पण सेनापती झाल्यावर मॅसिडोनियन सरदार त्याला शेवटपर्यंत बाहेरचाच समजले आणि त्याच्याच सैनिकांनी त्याला शत्रूच्या हाती दिला.

आणि ३२३ ला अलेक्झांडर बॅबिलॉनला मेल्याची बातमी आल्यावर अथेन्सने पुन्हा उठाव केला, तेव्हा त्यांनी त्या युद्धाला नाव काय दिलं, तर हेलेनिक युद्ध. ग्रीकांचं युद्ध, मॅसिडोनियनांविरुद्ध. ३२२ ला हरले, अथेन्समधे लोकशाही मोडली, मतदानाला मालमत्तेची अट आली, डेमॉस्थेनिसने कालाउरियाच्या देवळात विष खाल्लं.

पण शंभर वर्षांनी सूर बघा. रोम दारात आल्यावर हीच मंडळी म्हणायला लागली की मॅसिडोनियन आपल्याच कुळाचे, एका भाषेचे, परके ते रोमन. इतिहासकार पॉलिबियसने अशी भाषणं दिलीयेत, लिव्हीनेही. आणि त्यानंतर भूगोलकार स्ट्रॅबो सरळ लिहून टाकतो की मॅसिडोनियापण ग्रीसच. माझं मत विचाराल तर माणसं तीच, बोली तीच, शेजारी कोण उभा आहे त्यावर नातं ठरत गेलं. इलिरियनासमोर ग्रीक, अथेन्ससमोर मॅसिडोनियन, रोमसमोर पुन्हा ग्रीक.

लेणीफिरस्ता:

आजोबांचा शेवटचा मुद्दा धरून, या भांडणाकडे पूर्वेकडून बघितलं तर भांडणच राहत नाही. पर्शियाच्या दरायसच्या नक्श-ए-रुस्तमच्या लेखात अंकित लोकांच्या यादीत डोक्यावर ढालीसारखी टोपी घालणारे यौन येतात, बहुतेक अभ्यासकांच्या मते हे मॅसिडोनियन, ती त्यांची रुंद काठाची टोपी. यौन म्हणजे आयोनियन, म्हणजे आपले यवन. म्हणजे पर्शियन कारकुनाने एकाच रकान्यात टाकलं, फक्त टोपीवरून ओळखलं. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक नावाचा योन राजा आणि त्याच्या पलीकडचे चार राजे आहेत, त्यातला अंतिकिनि म्हणजे अँटिगोनस गोनाटास, खुद्द मॅसिडोनियाचा राजा. (आपल्या सोपार्‍याला सापडले ते आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे, तेरावा बघायचा तर गिरनार गाठा.) अशोकाला त्याच्यात आणि इजिप्तच्या तुरमायात (म्हणजे टॉलेमीत) काही फरक करावासा वाटला नाही.

आणि आमच्याकडे कार्ल्याला चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दान केलेत, लेखात नावं वाचा, एक सिहधय आहे म्हणजे सिंहध्वज. यवनही म्हणवतोय, नाव अस्सल इथलं, दान बुद्धाच्या संघाला. हा अथेन्सच्या बाजूचा की मॅसिडोनियाच्या ते त्याला तरी सांगता आलं असतं का देव जाणे. पुढे तर मराठीत यवन शब्द भलत्याच लोकांना लागला.

डबेवाला_मेलबर्न:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना दंडवत. आजच्या मॅसिडोनियाचं राहिलं ना पण?

बाल्कनवारी:

ते मी सांगतो, कामासाठी स्कोप्येला चार महिने होतो. तुझा ग्रीक मित्र म्हणतोय ते स्लाव्ह लोक तिथे साधारण सहाव्या-सातव्या शतकात आले हे खरंय, आजची मॅसिडोनियन भाषा स्लाव्हिक आहे हेही खरंय, आणि त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष ग्लिगोरोव्ह स्वतःच सांगायचे की आम्ही स्लाव्ह आहोत, अलेक्झांडरशी आमचं नातं नाही. पण १९९१ ला युगोस्लाव्हिया फुटून देश झाला आणि १९९२ ला झेंड्यावर व्हर्जिनाचा सोळा किरणांचा सूर्य टाकला, जो १९७७ ला ग्रीसमधे पुरातत्त्वज्ञ अँड्रोनिकॉसना सापडलेल्या शाही थडग्यातल्या सोन्याच्या पेटीवर आहे. ग्रीसने १९९४ ला नाकेबंदी केली, १९९५ ला झेंडा बदलला, संयुक्त राष्ट्रांत नाव पूर्वीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया, केवढं लांब. २००८ ला ग्रीसने नाटोत अडवलं, विमानतळाला अलेक्झांडरचं नाव तिथल्या सरकारने त्याआधीच दिलं होतं, त्यानंतर जणू सूड म्हणून हायवेलाही तेच आणि २०११ ला मुख्य चौकात घोड्यावर बसलेला तलवारवाला प्रचंड पुतळा, अधिकृत नाव काय तर घोड्यावरचा योद्धा, नाव घ्यायचं नाही पण सगळ्यांना माहीत. मी पाहिलाय, रात्री खाली रंगीत कारंजी उडतात, आमच्या तिथल्या मित्रालाच लाज वाटायची. २०१८ च्या प्रेस्पा करारात मिटलं, देश उत्तर मॅसिडोनिया झाला, आणि करारात लिहिलंय की त्यांच्या मॅसिडोनियन म्हणण्याचा प्राचीन ग्रीक संस्कृतीशी संबंध नाही. आता बल्गेरिया म्हणतो तुमची भाषा आमचीच बोली आहे. म्हणजे एक शेजारी म्हणतो नाव आमचं, दुसरा म्हणतो भाषा आमची.

पण एक सांगतो डबेवाला, तुझ्या मित्राची आजी कुठली ते विचार. मेलबर्नचे बरेच मॅसिडोनियन आजच्या ग्रीसमधल्या गावांतून गेलेले आहेत. १९१३ ला बाल्कन युद्धांनंतर ऑटोमन मॅसिडोनियाचे तुकडे झाले, ग्रीसकडे गेलेल्या भागात गावांची नावं बदलली, ग्रीक हुकूमशहा मेटाक्सासच्या राजवटीत स्लाव्हिक बोलण्यावर बंदी होती, आणि १९४९ ला संपलेल्या यादवीत हजारो माणसं, लहान पोरं धरून, सीमेपलीकडे गेली. तो अलेक्झांडरवरून भांडत असेल पण दुखतंय ते बहुतेक हे.

डबेवाला_मेलबर्न:

बाल्कनवारी, विचारलं. आजी लेरिनची. ग्रीक मित्र पटकन म्हणाला, फ्लोरिना. आणि मग दोघंही गप्प झाले, कारण ग्रीकाचा मामा तिथेच शिक्षक होता म्हणे. त्यावर आधी कधी बोलणंच झालं नव्हतं त्यांचं, सहा वर्षं एका टीममधे.

विषय बदलावा म्हणून मी भाषावेडी ताईंचा तो करणीचा पत्रा सांगितला. ग्रीकाने फोनवर शोधून काढला आणि शाळेत शिकलेल्या जुन्या ग्रीकच्या जोरावर अडखळत वाचायला लागला, अर्धं कळलं अर्धं नाही. मॅसिडोनियनने शेवटी एकच विचारलं, मग त्या बाईचं काम झालं का? आता याचं उत्तर माझ्याकडे नाही, ताई सांगाल का?

भाषावेडी:

तिने त्यात लिहिलंय की मी स्वतः हा पत्रा परत उकरून, उलगडून वाचीन तेव्हाच त्या दोघांचं लग्न होवो, त्याआधी नाही. १९८६ ला सापडला तेव्हा तो गुंडाळलेलाच होता.